अल्बुकर्कीचा बलून फिएस्टा घरबसल्या थेट पाहायचाय? पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहराच्या उत्तर टोकाला नऊ दिवस बलूनचा मेळा भरतो. गरम हवेचे पाचशेच्या वर बलून एकाच मैदानातून, एकाच सकाळी वर जातात. जगात याहून मोठा बलून मेळा नाही. तिथे जायला व्हिसा लागतो, विमानाची तिकिटं लागतात, हॉटेल कित्येक महिने आधी धरावं लागतं. थेट प्रक्षेपण मात्र आपल्या दिवाणखान्यात फुकट येतं, आणि वेळही अशी सोयीची की त्यासाठी कुणाला झोप मोडावी लागत नाही.

मी दरवर्षी हे प्रक्षेपण बघते आणि ओळखीच्यांना बघायला लावते. पहिल्यांदा बघणारे बहुतेक जण एकच तक्रार करतात: सुरुवातीला फार सुंदर दिसतं, पण दहा मिनिटांनी तेच ते वाटायला लागतं. त्यांची चूक नाही. काय बघायचं हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून ते रंग बघतात आणि रंग लवकर संपतात. या कार्यक्रमात खरं बघायचं असतं ते वारं. बलूनला सुकाणू नसतं, पंखा नसतो, इंजिन नसतं. पायलटच्या हातात दोनच गोष्टी: वर जाणं आणि खाली येणं. बाकी सगळं वारं ठरवतं. ते वारं पडद्यावर कसं ओळखायचं, हे एकदा कळलं की दोन तास कसे जातात ते समजत नाही.

आधी घड्याळ जुळवा

मेळा साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि दुसऱ्या रविवारी संपतो. त्या दिवसांत अल्बुकर्की आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. तिथे सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे त्याच दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. म्हणजे दिवेलागणीची वेळ. वर्षावर्षाप्रमाणे कधी नवरात्र चालू असतं, कधी दसरा झालेला असतो, कधी कोजागिरी त्याच आठवड्यात येते. लंडनला असाल तर दुपारचे दोन, दुबईत संध्याकाळचे पाच, न्यू यॉर्कला सकाळचे नऊ.

मुख्य उड्डाण तिथल्या सातला असलं तरी तुम्ही आपल्या सव्वापाचलाच टीव्ही लावा. सव्वा तास आधी कशाला, ते पुढे येईलच. आत्ता एवढंच लक्षात ठेवा की साडेसहाला लावलंत तर निम्मी गोष्ट निघून गेलेली असते.

दिवसही निवडून घ्या. सगळे बलून एकत्र सोडण्याचा सोहळा, ज्याला ते ‘मास असेन्शन’ म्हणतात, तो दोन्ही शनिवार-रविवारी असतोच. पहिल्यांदा बघताय तर यातलाच एक दिवस धरा. गुरुवारी आणि शुक्रवारी चित्रविचित्र आकारांच्या बलूनचा मान असतो, आणि घरात लहान मुलं असतील तर तोही दिवस चुकवू नका. आठवड्यातल्या इतर सकाळी नेमबाजीच्या, म्हणजे बलूनमधून खुणेवर नेम साधण्याच्या स्पर्धा असतात. त्या गोडी लागल्यावर बघाव्यात.

कुठे पाहायचं

फिएस्टाच्या आयोजकांचं स्वतःचं थेट प्रक्षेपण इंटरनेटवर असतं. त्यांच्या संकेतस्थळावर आणि यूट्यूबवर ‘बलून फिएस्टा लाइव्ह’ या नावाने ते सापडतं. त्याखेरीज अल्बुकर्कीच्या स्थानिक दूरचित्रवाहिन्या सकाळच्या बातम्यांत मैदानावरून थेट दाखवत असतात. दोन्हींत फरक आहे. वाहिन्यांवर चित्र झकपक असतं, मुलाखती छान असतात, पण अधेमधे रहदारी, हवामान आणि जाहिराती येतात. आयोजकांच्या प्रक्षेपणात समालोचक बलूनच्या जगातले जाणकार असतात आणि कॅमेरा बराच वेळ एका जागी थांबतो. नवख्या माणसाला हेच दुसरं जास्त उपयोगी पडतं, कारण थांबलेल्या कॅमेऱ्यातच वारं दिसतं.

शोधताना ‘थेट’ असं लिहिलेलं आहे ना, ते नीट बघून घ्या. दर वर्षी जुन्या वर्षांचे व्हिडिओ कुणीतरी पुन्हा थेट म्हणून लावलेले असतात. तारखेची खात्री अधिकृत पानावरून करून घ्यावी. फोनवर बघता येतं, पण शक्य असेल तर टीव्हीला जोडा. पाचशे बलून सहा इंचांच्या काचेवर टिकल्यांसारखे दिसतात आणि त्यांची हालचाल कळत नाही.

टीव्हीचा आवाज बंद करून गाणी लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. बर्नरचा तो फुत्कार ऐकत राहायला हवा. पायलट आगीचा लांब झोत देतोय की लहान-लहान झटके, यावरून तो वर चाललाय की आहे त्याच उंचीवर टिकून राहतोय हे कळतं. झोत दिल्याबरोबर बलून हलत नाही, परिणाम दिसायला काही सेकंद जातात. त्यामुळे चांगला पायलट आत्ताची नाही, थोड्या वेळाने लागणारी उंची मनात धरून झोत देतो.

अंधारातले बलून: हा भाग सोडू नका

आपल्या सव्वापाच-साडेपाचच्या सुमारास, म्हणजे तिथे उजाडायच्या आधी, दहाबारा बलून अंधारातच वर जातात. या तुकडीला ‘डॉन पेट्रोल’ म्हणतात. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन बलूनवाल्यांनी रात्री उडताना बलूनची जागा दिसावी म्हणून दिव्यांची सोय शोधून काढली, तेव्हापासून ही प्रथा पडली. टोपलीखाली लोंबणारा तो छोटा दिवा पडद्यावर दिसतो. बर्नर पेटला की अख्खा बलून उजळतो आणि लगेच पुन्हा काळोखात विरघळतो.

दिसायला देखणं आहेच, पण या तुकडीचं काम वेगळं. खाली मैदानावर शेकडो पायलट मान वर करून यांच्याकडे बघत उभे असतात. कोणत्या उंचीवर वारं कुठे चाललंय, किती जोराचं आहे, हे या दिव्यांवरून त्यांना कळतं. तुम्हीही तेच करा. टीव्हीच्या चौकटीतली एक स्थिर गोष्ट धरा, एखादा खांब किंवा डोंगराचं टोक. खालचा दिवा तिच्यापासून कुठल्या बाजूला सरकतोय? वरचा कुठल्या बाजूला? दोघं विरुद्ध दिशांना जात असतील तर सकाळ फार चांगली जाणार आहे. का, ते पुढे सांगते.

याच सुमाराला कधीतरी एक छोटा गॅसचा फुगा सोडताना दाखवतात. त्याला ‘पायबॉल’ म्हणतात. तोही वाऱ्याची परीक्षा घेण्यासाठीच.

झेंड्याचा रंग

मैदानावर एक झेंडा असतो आणि समालोचक सारखे त्याचा उल्लेख करतात. हिरवा म्हणजे उड्डाणाला परवानगी. पिवळा म्हणजे थांबा, वाऱ्याकडे लक्ष आहे. लाल म्हणजे आजची उड्डाणं रद्द.

पिवळा झेंडा लागला की नवखे प्रेक्षक टीव्ही बंद करतात. जरा धीर धरा. ताशी दहा मैल, म्हणजे आपले सोळा किलोमीटर, एवढं वारंसुद्धा या लोकांना जास्त वाटतं. आपल्याला एवढ्या झुळकीने केससुद्धा धड उडाल्यासारखे वाटत नाहीत. पण जमिनीवर अर्धवट फुगलेलं एवढं मोठं कापड म्हणजे शीडच असतं. वारं थोडं वाढलं तरी ते सात-आठ माणसांना ओढत नेऊ शकतं. म्हणून वाट बघतात, आणि वाट बघण्यात काही कमीपणा मानत नाहीत. पिवळ्याचा हिरवा होतो तेव्हा मैदानभर जो आरडाओरडा होतो, तो ऐकण्यासारखा असतो.

या रिकाम्या वेळात प्रक्षेपणात जुन्या गोष्टी निघतात. त्यातल्या दोन आधीच माहीत असलेल्या बऱ्या. मेळ्याचा जन्म एका रेडिओ केंद्राच्या वाढदिवसातून झाला. अल्बुकर्कीच्या केओबी रेडिओला पन्नास वर्षं झाली म्हणून १९७२ च्या एप्रिलमध्ये, एका मॉलच्या वाहनतळावर, सिड कटर या स्थानिक बलूनवाल्याच्या पुढाकाराने तेरा बलून जमले. आणखीही येणार होते, पण खराब हवेमुळे काहींना पोचता आलं नाही. बघायला वीस हजारांच्या आसपास लोक आले. पुढच्याच वर्षी शहरात जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि २००० साली नोंदणी हजाराच्या वर गेली. पुढे आयोजकांनीच आकडा कमी केला.

दुसरी गोष्ट १९७८ ची. बेन अब्रुझो, मॅक्सी अँडरसन आणि लॅरी न्यूमन हे तिघं ‘डबल ईगल टू’ या हेलियमच्या बलूनमधून अमेरिकेच्या मेन राज्यातून निघाले आणि सहा दिवसांनी फ्रान्समध्ये उतरले. अटलांटिक महासागर बलूनने पार करायची ती पहिलीच वेळ. तिघंही अल्बुकर्कीचे. त्यातल्या दोघांच्या नावाचं बलून संग्रहालय २००५ पासून मैदानाला लागूनच उभं आहे, आणि कॅमेरा तिकडे वळला की समालोचक ही गोष्ट सांगतातच.

एकच बलून निवडा आणि त्याला सोडू नका

आपल्या सहाच्या सुमारास मैदानावर रांगारांगांनी कापडं अंथरलेली दिसू लागतात. कॅमेरा रांगांतून फिरत असतो. इथे तुम्ही सगळं बघायचा प्रयत्न करू नका. समोर आलेला एक बलून पकडा आणि तो उभा राहीपर्यंत त्याच्याकडेच बघा.

कापड वाऱ्याच्या दिशेने लांब पसरलेलं असतं. वेताची टोपली आडवी, तिच्या वरच्या चौकटीवर बर्नर. दोन माणसं कापडाचं तोंड हातांनी फाकवून धरतात आणि पेट्रोलवर चालणारा मोठा पंखा त्यात थंड हवा कोंबतो. कापड आधी नुसतं थरथरतं, मग त्यात पोकळी धरते, मग पोट येतं. अनेकदा याच वेळी पायलट आत डोकावून किंवा आत चालत जाऊन दोऱ्या तपासताना दिसतो. बलूनच्या टोकाला एक गोल झडप असते, कापडाचीच. उतरताना हवा सोडायची ती तिथून, म्हणून ती नीट बसलीय की नाही हे जमिनीवरच बघून घ्यावं लागतं. थंड हवेने कापड पुरतं तटतटलं की पंख्याशेजारी आडवा झालेला पायलट बर्नर उघडतो आणि आग थेट बलूनच्या तोंडातून आत जाते.

आता कॅमेरा परवानगी देईल तर दुसऱ्या टोकाकडे बघा. बलूनच्या शेंड्याला बांधलेली लांब दोरी धरून एक माणूस टाचा जमिनीत रोवून मागे झुकलेला असतो. बलून उभा राहताना एकदम झोकांडी खाऊ नये म्हणून तो सगळा भार अंगावर घेतो. बलून वर येत जातो तसा तो दोरी धरून पावलापावलाने टोपलीकडे चालत येतो. प्रक्षेपणात या माणसाचं नाव कुणी घेत नाही. पण त्याने दोरी ढिली सोडली तर शेजारच्या रांगेतल्या बलूनवर हे धूड कोसळेल.

टोपली सरळ झाली की चार-सहा जण तिच्या कडांवर नुसते हात टेकवून, वजन टाकून उभे राहतात. आतल्या हवेचं गणित मनात असेल तर हे दृश्य नीट समजतं. मध्यम आकाराच्या बलूनमध्ये साधारण बावीसशे घनमीटर हवा मावते. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. तिथल्या पातळ हवेतही एवढ्या आकारमानाचं वजन दोन टनांच्या घरात जातं. ती तापवून शंभर अंशांच्या जवळ नेली की वजन साधारण पाव हिस्सा कमी होतं. तेवढ्याच फरकावर कापड, टोपली, गॅसच्या टाक्या आणि माणसं उचलली जातात. बाहेरची हवा जितकी थंड, तितका हा फरक सहज मिळतो. पहाटेच उडायचं एक कारण हे. समालोचक तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतात. त्यांचे ४० म्हणजे आपले साडेचार अंश.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची माणसं

तुमचा बलून फुगून तयार आहे, तरी उडत नाही. कारण रांगेत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कपड्यांत एक माणूस फिरतोय. हे उड्डाण-नियंत्रक. सगळे त्यांना ‘झेब्रा’च म्हणतात. काहीजण पट्ट्यांचे झगे, टोप्या, शेपट्या असं काय काय घालून येतात, पण काम जबाबदारीचं. वर पाहायचं, डोक्यावरून कुणी जात नाहीये ना याची खात्री करायची, शेजारच्या बलूनला अडथळा नाही ना ते बघायचं, गर्दी मागे सारायची आणि मग शिट्टी वाजवून अंगठा वर करायचा. पायलटला स्वतःच्या टोपलीतून डोक्यावरचं आभाळ दिसत नाही, स्वतःचाच बलून आड येतो. तेव्हा खालचा हा माणूस म्हणजे त्याचे डोळे. झेब्राने हात केल्याशिवाय कुणी जमीन सोडत नाही.

सातच्या सुमारास, म्हणजे आपल्या साडेसहाला, पहिला बलून अमेरिकेचा झेंडा लोंबकळवत वर जातो आणि त्यांचं राष्ट्रगीत लागतं. तिथून पुढे दोन लाटांत सगळे सुटतात. इथे पुष्कळ प्रेक्षक मैदानात, बलूनच्या मधोमध उभे असतात. कठड्यामागे कुणाला ठेवलेलं नसतं. म्हणून जवळच्या दृश्यांत पायलट आणि मुलं एकमेकांशी बोलताना दिसतात.

वरून घिरट्या घालणारी दृश्यं मात्र शोधू नका. मैदानावर प्रेक्षकांच्या ड्रोनला बंदी आहे, आणि एवढ्या कापडी बलूनच्या गर्दीत ती असलीच पाहिजे. उंचावरचं दृश्य मिळतं ते एखाद्या टोपलीत बसलेल्या कॅमेऱ्यातून. तसं दृश्य लागलं की चौकट हलत नाही, वारं लागत नाही, मागचा आवाज एकदम शांत होतो. बलून वाऱ्याबरोबरच चाललेला असतो, म्हणून आतल्या माणसाला वारं जाणवतच नाही.

बॉक्स: सगळ्या कार्यक्रमाचा गाभा

समालोचक दर पाच मिनिटांनी ‘बॉक्स’ असं म्हणतील. हा मेळा अल्बुकर्कीतच का भरतो, आणि ऑक्टोबरातच का, याचं उत्तर या एका गोष्टीत आहे.

शहर रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात वसलंय. नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पूर्वेला सांदिया डोंगर, तीन हजार मीटरच्या वर उंचीचा. ऑक्टोबरच्या निरभ्र रात्री जमीन भराभर थंड होते आणि तिला चिकटलेली हवाही. थंड हवा जड, त्यामुळे ती उतारावरून खाली येते आणि नदीसारखीच खोऱ्यातून दक्षिणेकडे वाहू लागते. तिच्या वर काही शे फुटांवर तुलनेने ऊबदार हवा असते, आणि ती पुष्कळदा उलटी, उत्तरेकडे जात असते. दोन थर, दोन दिशा, आणि मध्ये फारशी मिसळ नाही.

आता पायलट काय करतो बघा. मैदानातून सुटतो, खालच्या वाऱ्यावर दक्षिणेला जातो. मग बर्नर लावून वरच्या थरात शिरतो आणि उत्तरेला परत येतो. मैदान ओलांडलं की हवा थंड होऊ देऊन खाली उतरतो, पुन्हा दक्षिणेला. असा चौकोन पूर्ण करून काही जण जिथून निघाले तिथेच, प्रेक्षकांच्या समोर उतरतात. सुकाणू नसलेल्या यानाने.

हे पडद्यावर ओळखायची युक्ती सोपी आहे. चित्रात मागे मोठा उभा डोंगर दिसत असेल तर तो सांदिया, म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला. उजवीकडे दक्षिण, डावीकडे उत्तर. चांगल्या बॉक्सच्या दिवशी या चौकटीत खालचे बलून उजवीकडे सरकतात आणि वरचे डावीकडे. मागे सपाट पठार आणि त्यावर विझलेल्या ज्वालामुखींचे बुटके उंचवटे दिसत असतील तर कॅमेरा पश्चिमेला बघतोय आणि सगळं उलटं होईल. रंग सगळ्यात खुलून दिसतात तेही याच वेळी, कारण ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून येतं. पूर्वेकडच्या दृश्यात बलून सकाळच्या उन्हासमोर काळपट दिसतात. रंग गेले म्हणून कंटाळू नका. थर ओळखायला ती काळी आकृतीच सोयीची.

मुलं जवळ असतील तर त्यांना कागद-पेन्सिल द्या. डोंगर काढायचा, खालच्या बलूनसाठी एक बाण, वरच्यासाठी एक. दर पंधरा मिनिटांनी नवे बाण. आपल्या आठ-साडेआठपर्यंत, म्हणजे तिथे ऊन चढू लागल्यावर, बाण एका दिशेला व्हायला लागतात. जमीन तापते, खालची हवा वर उठते, थर मोडतात आणि बॉक्स संपतो. म्हणून पायलट त्याआधी उतरायची घाई करतात. माझ्या भाचीने असे बाण काढता काढता समालोचकाच्या आधी ‘आता बॉक्स मोडला’ म्हणून सांगितलं होतं. भूगोलाच्या तासाला न कळलेला तापमानाचा व्यस्त थर तिला त्या संध्याकाळी कळला.

रोज बॉक्स असतोच असं नाही. काही सकाळी सगळे एकाच दिशेने, एका लांबच लांब ओळीत निघून जातात. ते बघायलाही छान, फक्त परत येत नाहीत.

उतरणं

प्रक्षेपणाचा कमकुवत भाग हाच. बलून शहरभर पांगतात आणि कॅमेरे मैदानावर राहतात. तरी अधूनमधून दिसतं. कुणी शाळेच्या मैदानात, कुणी मोकळ्या प्लॉटवर उतरतो. खाली प्रत्येक बलूनमागे एक गाडी धावत असते, कापड गोळा करायला आणि पायलटला परत आणायला. रिओ ग्रांदेवर कॅमेरा असेल तर पायलट टोपलीचा तळ पाण्याला अलगद टेकवून पुन्हा वर उठताना दिसेल. सगळ्यात अवघड कौशल्य ते.

धोका आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. विजेच्या तारा हा बलूनचा सगळ्यात मोठा शत्रू. २००४ च्या मेळ्यात स्मोकी बेअर या अस्वलाच्या आकाराचा बलून एका रेडिओ मनोऱ्याला जाऊन अडकला. आतला पायलट आणि दोन मुलं तो प्रचंड उंच मनोरा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरून सुखरूप खाली आली. समालोचक तारांविषयी वारंवार बोलतात ते उगाच नाही.

गुरुवार-शुक्रवार: आकारांची गंमत

गाय, मधमाश्या, घोडागाडी, काय वाटेल ते. या बलूनला कापड जास्त, त्यामुळे फुगवायला वेळ जास्त, आणि कान-शेपट्या-पाय यांत हवा भरेपर्यंत ते विचित्र लुळे दिसतात. नेमकं तेच बघा. गायीचं पोट आधी येतं, पाय मागाहून. हातात हात घातलेल्या मधमाश्यांची जोडी या मेळ्याची लाडकी. त्यांचे हात वेल्क्रोने जोडलेले असतात. दोन वेगळे पायलट, दोन वेगळे बर्नर, आणि दोघांनी एकाच वेगाने चढायचं. हात सुटताना दिसले तर प्रेक्षक हळहळतात, पण सुटावेत म्हणूनच ते तसे जोडलेले असतात.

पहाटेचे ग्लो

तिथल्या संध्याकाळी काही दिवस बलून उडत नाहीत, जमिनीवरच बांधून ठेवतात आणि अंधार पडला की सगळे एकदम बर्नर लावतात. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशीची पहाट, साडेपाच-सहाचा सुमार. तिथल्या शनिवारचा ग्लो आपल्या रविवारी सकाळी बघायचा, हे विसरू नका. नंतर आतषबाजी असते, ती आपल्या साडेसातच्या आसपास. वारं वाढलं तर हे रद्द होतं, आणि संध्याकाळचं वारं सकाळपेक्षा जास्त चंचल असतं. त्यामुळे गजर लावण्याआधी फोनवर एकदा बघून घ्या.

ज्यांना गोडी लागली त्यांच्यासाठी

नेमबाजीच्या स्पर्धेत पायलट दूरून उडून येतात आणि मैदानातल्या खुणेवर वजन बांधलेली रंगीत फीत टाकतात. उंच खांबाच्या टोकाला बक्षिसाची किल्ली किंवा पाकीट लावलेलं असतं, ते टोपलीतून हात बाहेर काढून पकडायचाही खेळ असतो. वारं वाचायला शिकलेल्या माणसाला हे क्रिकेटच्या शेवटच्या षटकासारखं धडधडवतं.

याशिवाय पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमारास, हवा पाहून, गॅस बलूनची लांब पल्ल्याची शर्यत निघते. ‘अमेरिकाज चॅलेंज’ नावाची ही शर्यत १९९५ पासून चालू आहे. यात बर्नर नसतो. हलक्या वायूने भरलेला गोळा, आणि वर जायला वाळू टाकायची. दोन माणसं एका टोपलीत दोन-तीन दिवस राहतात. थेट चित्र फक्त निघतानाचं, पण नंतर नकाशावर प्रत्येक बलूनचा ठिपका दिसतो आणि अर्धी अमेरिका ओलांडताना त्याचा माग काढता येतो.

कधी आभाळही काही देऊन जातं. २०२३ च्या मेळ्यात १४ ऑक्टोबरला अल्बुकर्कीवरून कंकणाकृती सूर्यग्रहण गेलं. नासाने तिथूनच प्रक्षेपण केलं. आपल्याकडे ती सर्वपित्री अमावस्येची रात्र होती, ग्रहण इथून दिसणार नव्हतं, आणि दहाच्या सुमारास टीव्हीवर बलूनच्या शहरावर सोन्याची कडी चार मिनिटांहून जास्त वेळ टिकली.

आणि एवढं सगळं बघून प्रत्यक्ष बलून बघावासा वाटला तर अमेरिका गाठायची गरज नाही. बलूनच्या इतिहासात आपलंही पान आहे. विजयपत सिंघानिया २००५ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईतून गरम हवेच्या बलूनने २१,०२७ मीटर उंच गेले, तो जागतिक विक्रम होता. हिवाळ्यात लोणावळा-कामशेत भागात बलूनच्या फेऱ्या चालतात, आणि पोंगलच्या सुमारास तमिळनाडूत पोल्लाचीला देशोदेशीचे बलून येतात. तिकीट काढताना पहाटेचीच फेरी मागा. पायलटने वाऱ्याचं कारण सांगून फेरी रद्द केली तर पैसे परत कसे मिळतील एवढं आधी विचारून ठेवा, आणि त्याच्याशी वाद घालू नका.